मेंदूचा कॅन्सर आणि कार-टी पेशी : आशा किती, खात्री किती?



गेले काही दिवस आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतो आहे. मेंदूच्या एमआरआयची दोन चित्रे शेजारी शेजारी. एकात मोठी पांढरी गाठ, दुसऱ्यात ती जवळजवळ नाहीशी. मध्ये फक्त पाच दिवस. खाली ओळ आहे, 'मेंदूच्या कॅन्सरवर रामबाण उपाय सापडला, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' या सदरात मी एरवी मोबाइल, बँकेचे ॲप, ऑनलाइन फसवणूक अशा माझ्या धंद्याजवळच्या गोष्टींवर लिहितो. या वेळचा विषय मात्र वाचकांनीच ठरवला. तिघांनी तो व्हिडिओ मला पाठवला आणि विचारले, "हे खरे आहे का रे?"

त्यातल्या दोघांना नुसते कुतूहल होते. तिसऱ्यांचे तसे नव्हते. इथे बरकतपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका दादांच्या वडिलांना मेंदूचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले, गोळ्यांचा कोर्स झाला, आणि वर्षाच्या आत गाठ परत आली. दादांनी मला विचारले, "फ्लॅट विकला तर अमेरिकेचा खर्च निघेल. नेऊ का बाबांना?"

मी बीई झालेला सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. 'न्या' किंवा 'नेऊ नका' सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मूळ शोधनिबंधांत काय छापले आहे आणि व्हिडिओत त्यातले काय गाळले आहे, हे वाचून सांगणे माझ्याने होण्यासारखे होते. दादांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो, कारण ही वेळ कोणाच्याही घरी येऊ शकते.

व्हिडिओ खोटा नाही, अपुरा आहे

आधी उत्तर, मग स्पष्टीकरण. पाच दिवसांत गाठ जवळजवळ नाहीशी झाली, ही गोष्ट खरी आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील हा प्रयोग मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मातब्बर नियतकालिकात छापून आला. उपचार मिळालेले रुग्ण तीन. तिघांच्याही गाठी काही दिवसांतच झपाट्याने आक्रसल्या. सत्तावन्न वर्षांच्या एका बाईंची गाठ पाचव्या दिवसाच्या एमआरआयमध्ये जवळजवळ दिसेनाशी झाली.

व्हिडिओ इथे संपतो. निबंध मात्र पुढे सांगतो की तिघांपैकी दोघांमध्ये हा परिणाम टिकला नाही, गाठ पुन्हा वाढली. त्या बाई या दोघांपैकीच. बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांची गाठ मात्र हळूहळू साठ टक्क्यांपर्यंत लहान झाली आणि सहा महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली.

म्हणजे रामबाण उपाय सापडलेला नाही. पण ज्या आजारात परत आलेली गाठ सहसा कशालाच दाद देत नाही, तिथे आपल्याच रक्तातल्या पेशींनी ती वितळवून दाखवली, ही बातमीही लहान नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवायच्या, हेच या विषयातले अवघड काम आहे.

हा आजार इतका हट्टी का?

मेंदूत गाठी अनेक प्रकारच्या होतात आणि त्यातल्या कितीतरी साध्या असतात. ऑपरेशन झाले की माणूस पुढे पंचवीस-तीस वर्षे सुखाने जगतो. म्हणून 'मेंदूत गाठ' एवढे ऐकून घाबरू नये. आपण इथे बोलतो आहोत ते ग्लायोब्लास्टोमा या प्रकाराबद्दल. मोठ्या माणसांना होणाऱ्या मेंदूच्या कॅन्सरमध्ये हा सर्वांत आक्रमक.

याला स्पष्ट कडा नसते. गाठ काढली तरी तिची मुळे निरोगी भागात पसरलेली असतात, आणि मेंदू हा काही मोठा तुकडा कापून टाकता येण्यासारखा अवयव नव्हे. म्हणून ऑपरेशननंतर रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या देतात. ही पद्धत २००५ साली युरोप-कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीतून रूढ झाली. त्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर रुग्णांचा मध्यम जगण्याचा काळ १२.१ महिने होता, तो गोळ्यांमुळे १४.६ महिने झाला. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले.

अडीच महिन्यांची ही भर वाचून कोणी नाक मुरडेल, पण त्या आजारात तो मोठा टप्पा होता आणि वीस वर्षांनीही उपचारांचा पाया तोच आहे. मध्यम काळ याचा अर्थही नीट समजून घ्या. निम्मे रुग्ण त्याहून कमी जगतात आणि निम्मे त्याहून जास्त. तो आकडा म्हणजे कोणा एकाच्या कपाळावर लिहिलेली तारीख नव्हे.

गाठ परत आली की पर्याय कमी होतात. काहींचे पुन्हा ऑपरेशन होते, काहींना पुन्हा रेडिएशन किंवा दुसरी औषधे देतात. प्रायोगिक उपचारांचा विचार बहुधा इथे सुरू होतो.

कार-टी म्हणजे काय आणि खारघरचा तिच्याशी संबंध काय?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी नावाची एक फौज असते. विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणे हे तिचे काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्यामुळे अनेकदा या पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटते.

मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक सोडायचे. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा 'अँटेना' उगवतो, जो कॅन्सरच्या पेशीवरची ठरावीक खूण ओळखतो. या सुधारलेल्या पेशी प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवायच्या आणि रुग्णाला सलाइनसारख्या परत द्यायच्या. हीच कार-टी. या कल्पनेचा पहिला नमुना इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांच्या प्रयोगशाळेतून १९८९ साली पुढे आला.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला या पेशी दिल्या. तिच्या रक्ताचा कॅन्सर कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. पेशी दिल्यावर तिला इतका ताप आणि दाह झाला की ती अतिदक्षता विभागात मरणाच्या दारात पोहोचली. संधिवाताचे एक औषध देऊन डॉक्टरांनी तो दाह आटोक्यात आणला, आणि ती पूर्ण बरी झाली. २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला पहिली मान्यता दिली. किंमत होती पावणेपाच लाख डॉलर.

आता आपल्याकडची गोष्ट. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने देशी कार-टी बनवायला घेतली. टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर सोबत होते. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात, भारतातल्या रुग्णाला पहिल्यांदा कार-टी पेशी दिल्या गेल्या. आयआयटीतूनच निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीच्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशात ज्याला तीन-चार कोटी पडतात ते इथे साधारण दहाव्या हिश्श्यात, म्हणजे चाळीस लाखांच्या घरात आले. सामान्य घराला तेही झेपणारे नाही, पण अशक्य आणि अवघड यांत फरक असतो.

२०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त त्या चाचण्यांचे निकाल आले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांच्या परिणामाचे मोजमाप करता आले त्यांतल्या सुमारे ७३ टक्क्यांना उपचाराचा गुण आला. हे सारे रुग्ण असे होते की त्यांचा आजार आधीच्या उपचारांना पुरून उरला होता.

पण नीट लक्षात घ्या. नेक्सकार१९ रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे. मेंदूच्या कॅन्सरवर ते चालत नाही. 'मुंबईत कार-टी मिळते' हे ऐकून मेंदूच्या रुग्णाची फाइल घेऊन हुसेनसागर एक्स्प्रेस पकडली, तर तिथे हेच उत्तर मिळेल. माझ्या वाचनाप्रमाणे मेंदूच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेली कार-टी अजून भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही. जे आहे ते चाचण्यांमध्ये आहे.

रक्तात जमले ते मेंदूत का अडते?

पहिली अडचण खुणेची. रक्ताच्या ज्या कॅन्सरवर कार-टी चालते, त्यातल्या बहुतेक सगळ्या पेशींवर 'सीडी१९' ही एकच खूण असते. ती खूण निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. पण बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो, गरज पडल्यास वरून प्रतिपिंडे देता येतात. ग्लायोब्लास्टोमात एकाच गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या खुणा बाळगतात. एका खुणेच्या पेशी मारल्या की दुसऱ्या खुणेच्या उरतात आणि त्याच वाढतात. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर अँटीव्हायरसला एकाच व्हायरसची ओळख शिकवली आणि आत त्याची दहा भावंडे निघाली, असा प्रकार. आणि मेंदूच्या निरोगी पेशी मेल्या तर चालेल, असे तर म्हणताच येत नाही.

दुसरी अडचण वाटेची. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे यावर शरीराचा कडक पहारा असतो. म्हणून नव्या चाचण्यांत पेशी हातातल्या शिरेतून न देता थेट मेंदूतल्या पाण्यात सोडतात. त्यासाठी टाळूच्या कातडीखाली एक छोटी घुमटी बसवतात, तिला ओमाया रिझर्व्हॉयर म्हणतात. पाकिस्तानातून अमेरिकेत गेलेले मेंदूशल्यचिकित्सक अयूब ओमाया यांनी १९६३ साली ती शोधली. साठ वर्षांपूर्वीचे हे साधे उपकरण आज सर्वांत नव्या उपचाराचे दार झाले आहे.

तिसरी अडचण जागेची. टी-पेशी लढतात तेव्हा दाह होतो, सूज येते. पोटात सूज आली तर जागा असते. कवटी मात्र बंद डबा आहे. तिथली सूज जिवावर बेतू शकते. म्हणून हा उपचार अनुभवी आयसीयू असलेल्या ठिकाणीच होतो.

चौथी अडचण म्हणजे गाठ स्वतःभोवती असे वातावरण तयार करते की आत शिरलेल्या टी-पेशी काही काळाने थकतात, निष्क्रिय होतात.

आजवर हाती काय लागले?

२०१६ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेने एका पन्नास वर्षांच्या रुग्णाची हकिकत छापली. त्यांचा ग्लायोब्लास्टोमा मेंदूत आणि मणक्यातही पसरला होता. त्यांना कार-टी पेशी वारंवार थेट मेंदूत दिल्या आणि सगळ्या गाठी नाहीशा झाल्या. साडेसात महिने ते त्या स्थितीत राहिले, नंतर नव्या जागी आजार परतला. एकच रुग्ण, पण हे होऊ शकते याचा तो पुरावा होता.

त्याच संस्थेने मार्च २०२४ मध्ये ६५ रुग्णांची चाचणी छापली. ज्यांचे मोजमाप झाले त्या ५८ पैकी २९ जणांचा आजार निदान दोन महिने स्थिर राहिला किंवा कमी झाला. गाठ खरोखर मोठ्या प्रमाणात आक्रसली ती मोजक्याच रुग्णांत. सुधारलेल्या पद्धतीने ज्यांना गाठीत आणि मेंदूतल्या पाण्यात अशा दोन्हीकडे पेशी दिल्या, त्या गटाचा मध्यम जगण्याचा काळ सुमारे दहा महिने होता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एकाऐवजी दोन खुणा ओळखणाऱ्या पेशी बनवल्या. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पहिल्या सहा रुग्णांचे निकाल दिले. सहाही जणांच्या गाठी सुरुवातीला लहान झाल्या. २०२५ मध्ये रुग्णसंख्या अठरा झाली. ऑपरेशननंतरही ज्यांच्या मेंदूत मोजण्याजोगी गाठ उरली होती अशा तेरांपैकी आठ जणांची गाठ लहान झाली, पण बहुतेकांत ती पुढे पुन्हा वाढली.

लहान मुलांना आणि तरुणांना होणारा मेंदूच्या देठाचा एक कॅन्सर आहे, त्यात ऑपरेशन जवळजवळ अशक्य असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोंजे आणि क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने अशा अकरा रुग्णांना वेगळ्या प्रकारच्या कार-टी पेशी दिल्या. नोव्हेंबर २०२४ च्या 'नेचर'मधील निबंधाप्रमाणे नऊ जणांना काही ना काही लाभ झाला. चौघांच्या गाठीचे आकारमान निम्म्याहून जास्त घटले आणि त्यातल्या एकाची गाठ पूर्ण गेली.

हे सगळे आकडे शेजारी ठेवा. तीन रुग्ण, अठरा रुग्ण, अकरा रुग्ण, पासष्ट रुग्ण. विज्ञान दारापर्यंत आले आहे, उंबरठा अजून ओलांडायचा आहे.

'प्रायोगिक' या शब्दाचा खरा अर्थ

आपण 'प्रायोगिक उपचार' म्हणतो तेव्हा आपल्या कानाला 'उपचार' जोरात ऐकू येतो, 'प्रायोगिक' हळू. पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा मुख्य प्रश्न असा असतो की किती डोस सुरक्षित आहे आणि त्रास काय होतो. रुग्ण बरा होतो का, हा प्रश्न त्यानंतरचा. अशा चाचणीत सामील होणारा माणूस स्वतःसाठी आशा धरतो, पण त्याहून जास्त तो पुढच्या रुग्णांसाठी देत असतो. १४.६ महिन्यांचा तो आकडाही शेकडो अनोळखी रुग्णांनी दिलेल्या होकारातूनच निघाला. हे दान मोठे आहे. मात्र दान करणाऱ्याला आपण दान करतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

दादांशी बोलताना आम्ही प्रश्नांची यादी केली. ती कोणालाही उपयोगी पडेल.

एक, गाठ खरेच परत आली आहे का? रेडिएशननंतर काही महिने एमआरआयमध्ये सूज दिसते आणि ती गाठ वाढल्यासारखी भासते. ही शंका डॉक्टरांना विचारून फेडून घ्यावी.

दोन, गाठीचा नमुना कुठे आहे? ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात जपलेले असतात. कुठल्याही चाचणीत शिरायचे तर ते लागतात. मागून घ्या, पावती जपा.

तीन, रुग्णाला स्टिरॉइड किती चालू आहे? मेंदूची सूज उतरवायला ते बहुतेकांना द्यावे लागते, पण ते टी-पेशींनाही दाबते. म्हणून अनेक चाचण्यांत जास्त डोस असलेल्यांना घेत नाहीत. मात्र ते स्वतःच्या मनाने कधीही कमी करू नये, त्यात धोका आहे.

चार, तोवर वेळ आहे का? पेशी काढणे, त्यांच्यात जनुक घालणे, वाढवणे, तपासणे यात काही आठवडे जातात. आजार तेवढे थांबतोच असे नाही. चाचणीची जागा मिळणे, व्हिसा, प्रवास हे त्याआधीचे.

पाच, पैसे कशाचे? चाचणीत प्रायोगिक पेशींचे पैसे रुग्णाकडून सहसा घेत नाहीत. पण परदेशात भरती, ऑपरेशन, एमआरआय, राहणे हे सगळे विमा नसलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकते. हा हिशेब त्या रुग्णालयाकडून लेखी मागावा आणि तो हातात येईपर्यंत घराचा सौदा करू नये.

सहा, आपल्या देशात कोणी 'इम्युन सेल थेरपी' किंवा 'स्टेम सेल'च्या नावाखाली लाखो रुपये मागत असेल, तर दोन गोष्टी विचारा. या आजारासाठी औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? नसेल तर चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? सीटीआरआय ही भारतातल्या सर्व औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही. २००७ साली ती सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. इंटरनेटवर ती कोणीही फुकट पाहू शकतो. शिवाय २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे रुग्णाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची असते. मान्यताही नाही आणि नोंदही नाही, पण बिल मात्र आहे, असे दिसले तर तिथून उठावे.

सगळ्यांना विचारले, रुग्णाला विचारले का?

ही यादी करता करता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. दादांनी तीन डॉक्टरांना विचारले होते. अमेरिकेतल्या मावसभावाला, मेहुण्यांना, मलाही विचारले होते. फ्लॅट ज्यांच्या नावावर, गाठ ज्यांच्या डोक्यात, त्या काकांना मात्र कोणी विचारले नव्हते. "त्यांना कॅन्सर परत आल्याचे सांगितलेच नाही रे. खचतील ते," दादा म्हणाले.

आपल्या घरांत हे फार चालते, आणि मागे माया असते. पण या आजारात त्याची एक जबर किंमत आहे. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. तिथली गाठ वाढली की आधी शब्द अडतात, मग वाक्ये तुटतात, पुढे समोरच्याचे बोलणेही पोहोचेनासे होते. इतर गाठींतही विचार मंदावतो, झोप वाढते. म्हणजे विचारायला वेळ अमर्याद नाही. आज काका स्पष्ट बोलतात. तीन महिन्यांनी बोलतील का, कोणी सांगू शकत नाही.

चाचणीच्या संमतिपत्रावर सही रुग्णाची लागते, ती याचसाठी. त्यांना काय हवे आहे? परदेशातल्या आयसीयूत लढून पाहायचे आहे की घरी राहायचे आहे? नातवाची मुंज बघायची आहे की गावी एकदा जाऊन यायचे आहे? यात कुठलेच उत्तर भित्रे नाही आणि कुठलेच शूर नाही. फक्त ते त्यांचे असले पाहिजे.

दादांनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सोबत घेऊन वडिलांना सगळे सांगितले. काका तासभर गप्प बसले आणि मग खूप बोलले, एवढेच मला कळले. काय ठरले ते त्यांच्या घरातले आहे.

चाचणी नाही म्हणजे काहीच नाही, असे नव्हे

प्रायोगिक उपचार मिळाला नाही तर 'आता काही उरले नाही' असे म्हणून घरचे हात टेकतात. तसे नसते. झटके आटोक्यात ठेवणे, डोकेदुखी थांबवणे, गिळताना ठसका लागू न देणे, रात्री झोप लागणे, सांभाळणाऱ्या बायकामाणसांनाही विश्रांती मिळणे, हे सगळे वैद्यकशास्त्रच आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते उपचार चालू असतानाही घेता येते. आपल्या शहरात रेड हिल्सच्या एमएनजे या सरकारी कॅन्सर रुग्णालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. स्पर्श हॉस्पिसमध्ये ही सेवा विनामूल्य मिळते. दुसरे मत हवे असेल आणि मुंबईची दगदग झेपत नसेल, तर टाटा मेमोरियलशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

मला स्वतःला या विषयात आशा वाटते. २०२१ च्या जूनमध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या तेव्हा देशी कार-टी हीसुद्धा प्रयोगातलीच गोष्ट होती. अडीच वर्षांत ती मान्यताप्राप्त उपचार झाली. ज्या हातांनी रक्ताच्या कॅन्सरसाठी पेशी घडवायला शिकून घेतले, ते हात इथे तयार आहेत, यंत्रे इथे आहेत, परवानगीची वाट इथे मळलेली आहे. मेंदूसाठी योग्य खुणा आणि टिकणाऱ्या पेशी जगात कुठेही सापडल्या, तरी त्या इथे बनवायला आपल्याला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही. किती वर्षे लागतील याचा अंदाज मी करणार नाही.

तोवर आपल्या हातात एवढे आहे की असा व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी थांबावे. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे, त्याला 'रामबाण' हा शब्द पाठवणे म्हणजे त्याची एक झोप उडवणे आहे. त्यापेक्षा फोन करावा, डबा द्यावा, दवाखान्यात सोबत बसावे. आणि कोणाला शोधनिबंध वाचून समजून घ्यायचा असेल किंवा सीटीआरआयवर चाचणी शोधायची असेल, तर मंडळाच्या पत्त्यावर लिहा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, बसून शोधू.